तराजूत ठेवलेलं नाक

जाहीर निवेदन. सौंसर, पांढुर्णा आणि मधल्या रस्त्यावरच्या समस्त लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, निवेदक, वय त्रेपन्न, धंदा सोनारकाम, याने नाकात मारायचं औषध सलग तीन महिने, एकही दिवस न चुकवता, स्वतःच्या हाताने स्वतःच्याच नाकात मारलेलं आहे. त्या वेळी कोणाही नातेवाइकाने त्याचे हात धरलेले नव्हते. ही वार्ता सर्वांनी उभं राहून ऐकावी. खोकला आला तर चालेल. शिंक आली तर मात्र पुढचं अवश्य वाचावं.

हसलात ना? मला माहीत होतं. लोक मोठमोठ्या आजारांतून उठतात, ऑपरेशनच्या टेबलावरून परत येतात आणि मग लिहितात. मी नाकाबद्दल लिहायला बसलो आहे. ज्या नाकातून फक्त पाणी गळतं, त्याची कोणी विचारपूस करत नाही. सर्दी आहे, जाईल, एवढं म्हणून माणसं चहा मागवतात. माझी सर्दी सत्तावीस वर्षं गेली नाही. आणि ती गेली नाही याचं निम्मं कारण माझ्या कपाटात होतं. चार दिवस वापरून ठेवून दिलेल्या बाटल्या. तुमच्याही कपाटात अशी एखादी असेल तर हे तुमच्यासाठी आहे.

*

आमचं सोनाराचं दुकान सौंसरला आहे, वडिलांच्या काळापासून. सोनाराला शिंक येणं म्हणजे काय, हे बाकीच्यांना कळणार नाही. समोर कागदावर सोन्याचा कीस असतो, पिठापेक्षा बारीक. एक शिंक आली की सोनं हवेत. मला एक शिंक कधी आलीच नाही. दहा यायच्या, बारा यायच्या, मग डोळे लाल, नाकाचा नळ सुरू, टाळूला आतून खाज. सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची माती विकत घेऊन तिच्यातून सोनं काढणारे लोक असतात. ते दुसऱ्या दुकानात वर्षातून एकदा जातात. माझ्याकडे दिवाळीआधी येतात आणि होळीनंतर पुन्हा येतात, आणि निघताना मला फार प्रेमाने नमस्कार करतात.

पण धंद्यापेक्षा जास्त त्रास दिला तो शकुनाने. आमच्याकडे कोणत्याही कामाच्या सुरुवातीला शिंक आली की काम थांबतं. पाच मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, मग पुन्हा सुरू. एक माणूस वर्षातून एकदा शिंकला तर हे ठीक आहे. ज्याच्या नाकाला धूळ, धूर, कापसाची सरकी, रांगोळी, उदबत्ती, संत्र्याचा बहार यातलं काहीही चालत नाही, असा माणूस घरात असेल तर त्या घराचं एकही काम वेळेवर सुरू होणार नाही. त्यामुळे मला हळूहळू सुरुवातींतून काढण्यात आलं. मोठ्या भावाच्या शेतात पेरणीचं पहिलं पाऊल पडताना मी बांधाबाहेर. पुतण्याने ट्रॅक्टर आणला तेव्हा पूजेच्या वेळी मला नारळ आणायला पाठवलं, आणि नारळ तर घरात होता. मी या सगळ्याचे किस्से करून लोकांना हसवायचो. नाक पुसत पुसत हसवायचो. सुरुवातीला नको असलेला माणूस, असं स्वतःबद्दल मनात म्हणायला मात्र कधी धजलो नाही.

*

माझी औषध घेण्याची पद्धत अशी. लग्न, बारसं, मोठं गिऱ्हाईक असं काही असलं की त्या दिवशी एक गोळी. स्वस्तातली, जुनी, पिवळी. तिने शिंका थांबायच्या आणि झोप यायची. काम झालं की गोळी बंद. रोज कशाला, सवय लागेल. बरं वाटत असताना औषध घेणं म्हणजे ऊन पडलेलं असताना छत्री उघडणं, असं मी चारचौघांत सांगायचो, आणि लोक माना डोलवायचे, कारण त्यांचीही पद्धत तीच होती.

नाकात मारायचा फवारा मला दोनदा दोन डॉक्टरांनी लिहून दिला होता. पहिला मी पाचव्या दिवशी सोडला, कारण बरं वाटलं. दुसरा चौथ्या दिवशी सोडला, कारण बरं वाटलं नाही.

खरं कारण वेगळं होतं, तेही सांगून टाकतो. आमच्या वडिलांनाही हाच त्रास. त्यांचं नाक गळायचं, ते नाक शिंकरायचे, हसायचे. पन्नाशीनंतर त्यांच्या छातीतून आवाज यायला लागला. श्वास सोडताना दाराच्या फटीतून वारा यावा तशी बारीक शीळ. शेवटची वर्षं ते उशीला टेकून बसून झोपले. रोज औषध घ्यायचं म्हणजे रोज कबूल करायचं की मीही त्याच वाटेने निघालो आहे. एक दिवस नाही घेतलं की त्या दिवसापुरता मी धडधाकट. हा माझा हिशोब होता, आणि मी तो कोणालाच सांगितला नव्हता.

*

मग पल्लवीचं जमायला लागलं. पल्लवी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलाकडचे तिगावचे, पांढुर्ण्याजवळचे, संत्र्याची बाग असलेले. बघायला आले तेव्हा सोबत मुलाची कमलाआत्या होती. पासष्टीची, पांढरंशुभ्र लुगडं, आवाज असा की बाग राखायला कुत्र्याची गरज पडत नसावी. त्या घरात कुठलंही कार्य तिच्या होकाराशिवाय होत नाही.

पल्लवी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली आणि मी सुरू झालो. चौदा शिंका. आत्याने हात वर केला, पल्लवी दारातच थांबली. सगळे पाच मिनिटं गप्प बसले. पुन्हा पाऊल टाकलं, माझ्या पुन्हा सहा. पोहे दोनदा गरम करावे लागले.

मुलामुलीने एकमेकांना पसंत केलं म्हणून जमलं. पण चार दिवसांनी निरोप आला, तोही माझ्या मोठ्या भावामार्फत. आत्याबाईंचं म्हणणं, सगळं छान आहे, फक्त कन्यादानाला मुलीचे वडील नकोत. मोठे काका-काकू बसतील. दादांनी हे सांगताना माझ्याकडे न बघता टेबलावरचा पंखा पुसला. ते वाईट मनाचे नाहीत. त्यांनीही मला सत्तावीस वर्षं नारळ आणायला पाठवलेलं आहे, त्यांना हे सरळच वाटलं असणार.

मी म्हणालो, चालेल. आमच्या शोभाने, म्हणजे बायकोने, त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही आणि मीही ते मागितलं नाही. पल्लवीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कन्यादानाले तुम्ही आणि आई बसान. नाहीतर मी कोणालेच बसू देत नाही."

तेव्हापासून मी दिवस मोजायला लागलो. लग्न मे महिन्यात. माझं नाक मे महिन्यात ऐकणार होतं का?

*

जानेवारीत तिगावला साक्षगंध होतं. बागेच्या कडेला मांडव, आणि अर्धी बाग फुललेली. पाहुणे वास घेऊन घेऊन खूश. मी घरून एकाऐवजी दोन गोळ्या घेऊन गेलो होतो. शिंक एकही आली नाही. अंगठी घालताना मी इवायाच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क झोपलो. इवाई बिचारे भले गृहस्थ, हलले नाहीत. पुढे फोटो आले. सगळ्या फोटोंत मी मुलाच्या बापाच्या खांद्यावर असा विसावलेला, जणू माझंच साक्षगंध.

हे मी अजूनही सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. पुढचं सांगताना हसत नाहीत.

मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची असते, एक सासरची. माहेरची वाटी मी स्वतःच्या हाताने करणार होतो. वाटीच्या कडेने बाजरीच्या अर्ध्या दाण्याएवढ्या मण्यांची रांग जोडायची होती. असल्या कामावर शिंक आली तर मणी जायचे उडून. म्हणून साक्षगंधानंतर आठवड्याभराने, दुपारी कामाला बसताना, मी पुन्हा दोन गोळ्या घेतल्या. गॅसच्या नळीची बारीक ज्योत पेटवली. सातवा मणी लावला. आठवा लावल्याचं आठवत नाही.

पल्लवी शाळेतून चहा घेऊन दुकानात आली तेव्हा माझी मान छातीवर पडलेली, हात टेबलावर आडवा, ज्योत टेबलावरच्या फडक्याला लागलेली आणि फडक्याच्या पलीकडे स्पिरिटची बाटली. तिने चहा तसाच टाकला आणि माझ्या हातातून नळी ओढून घेतली. मी जागा झालो तो तिच्या ओरडण्याने. वाटीचा गोळा झाला होता. तिच्या मनगटावर मसुराएवढा फोड आला होता. अंगठी असलेल्या हातावर.

ती रडली नाही. नळाखाली हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, उद्या पांढुर्ण्याले जाऊ."

*

पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झाल्यापासून तिथे बऱ्याच पाट्या लागल्या. त्यातली एक कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंची. बाहेर बाकावर आमचा नंबर एकोणीस. त्या खोलीतल्या दोन तासांत मी एक शिकलो, की गळक्या नाकाची माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. सगळे रुमाल बघतात. सातव्या नंबरचा माणूस कापसाच्या जिनिंगमधला होता, बाराव्या नंबरची बाई अंगणवाडीतली. मी त्यांना इवायाच्या खांद्याची गोष्ट सांगितली. बाक हसायला लागला. आतून कंपाउंडर बाहेर येऊन बघून गेला. पण मनात मात्र माझं एकच चालू होतं. छाती तपासू नये.

बाईंनी नाकात दिवा टाकून बघितलं, विचारलं, आणि सांगितलं की ही ॲलर्जी आहे, वर्षानुवर्षांची. मग पाठीला नळी लावली. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का, असं विचारलं. मी ताबडतोब म्हणालो, नाही.

शोभा माझ्या शेजारी बसली होती. तिने आधी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "येते जी. दोन हिवाळ्यांपासून येते. मी यायले कूस बदलवून देतो."

दोन हिवाळे. ती रोज मला कुशीवर वळवत होती आणि मला माहीतही नव्हतं. किंवा होतं. खोलीतला पंखा फिरत होता आणि मला वडिलांची उशी दिसत होती. माझ्याकडे त्या घडीला सांगायला एकही किस्सा नव्हता.

बाईंनी घाबरवलं नाही. एवढंच म्हणाल्या, की छाती अजून आपल्या हातात आहे, पण नाक असंच सोडलं तर छातीला त्रास वाढायची भीती राहते. पिवळ्या गोळ्या बंद. त्या घेऊन गाडी चालवायची नसते, आणि ज्योत तर नाहीच नाही. रोज सकाळी फवारा, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. मी विचारलं, स्टेरॉइड आहे ना? मी दबक्या आवाजात विचारलं, जसं लोक एखाद्या घराण्याबद्दल विचारतात. आहे म्हणाल्या, अगदी थोडं, आणि नाकापुरतं. दोन आठवडे तरी पूर्ण परिणामाची वाट बघायची. बरं वाटलं तरी घ्यायचं. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट मारायचं नाही.

मारायचं कसं तेही त्यांनी दाखवलं. इतकी वर्षं मी मान मागे टाकून, छताकडे बघत मारायचो आणि सगळं घशात जायचं. मान थोडी खाली. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेने. जोरात ओढायचं नाही. एवढं साधं काम मी दोनदा चुकीचं शिकून सोडून दिलं होतं.

*

आता तुम्हाला वाटेल की मुलीचं मनगट बघितलं, वडील आठवले, आणि हा माणूस सुधारला. मलाही तसंच वाटलं होतं. मी सहा दिवसांनी थांबलो.

काही ठरवून नाही. एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी बरं होतं. तिसऱ्या दिवशी बाटली कपाटात गेली. पल्लवी रोज संध्याकाळी विचारायची, मारला का? मी म्हणायचो, मारला. इतक्या गोड आवाजात म्हणायचो की मलाच खरं वाटायचं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी ती दुकानात आली आणि बाटली दागिन्यांच्या काट्यावर ठेवली. आमचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे, केस ठेवला तरी आकडा हलतो. बाटली घरी आणली त्याच दिवशी तिने ती तोलून वहीत लिहून ठेवली होती. शाळेत एक फवारा किती भरतो तेही बघितलं होतं. रोजचे चार फवारे म्हणजे अर्ध्या ग्रॅमला थोडं कमी. तिने वही माझ्यापुढे सरकवली. मी आयुष्यभर लोकांचे दागिने या काट्यावर तोलले, आणि त्या दिवशी माझं नाक तोललं गेलं. घट निघाली सहा दिवसांची.

मी शपथा घेतल्या. आणि पुढच्या रविवारी सकाळी, ती उठायच्या आधी, मोरीपाशी उभं राहून आठवड्याचे अठ्ठावीस फवारे एकापाठोपाठ एक हवेत मारले. मोरीची ॲलर्जी पार बरी झाली असेल.

तिने बाटली तोलली. वहीत लिहिलं. माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी रुमालाची तिसरी घडी वापरत होतो.

"वजन बराबर आहे बाबा," ती म्हणाली, "पण तुमचं नाक खोटं बोलून नाही राहिलं."

मग ती काट्याच्या पलीकडे बसली, गिऱ्हाईक बसतं तिथे. रागावली असती तर मी निभावून नेलं असतं, मला राग हसवून उडवता येतो. तिने विचारलं, "मी मे महिन्यात चालली. मंग कोण तोलन?"

तेव्हा मी तिला वडिलांची उशी सांगितली. रोज घेतलं तर रोज आजारी, हा माझा हिशोबही सांगितला. ती बराच वेळ मनगटावरचा डाग चोळत बसली. मग म्हणाली, "आजोबा रोज घेत होते का?" मी म्हणालो, नाही. त्यांनीही कधी सलग घेतलं नव्हतं. त्रास झाला की काढा, त्रास झाला की वाफ, त्रास झाला की सुई. हे वाक्य मी स्वतःच्याच तोंडून ऐकलं. ज्या वाटेला मी भीत होतो, ती औषध घेण्याची वाट नव्हतीच.

*

उपाय तिनेच काढला. अशी एक गोष्ट सांगा जी तुम्ही कधीच चुकवत नाही, असं तिने विचारलं. आंघोळ चुकते, जेवण चुकतं. काट्याला नमस्कार चुकत नाही. सोनार दुकान उघडतो, काट्याला हळदकुंकू लावतो, हात जोडतो, त्याशिवाय गुंजभर सोनं तोलत नाही. वडिलांचा तराजू पितळी होता, माझा सेलवर चालतो, पण हात तसेच जुळतात. पल्लवीने बाटली काट्याच्या ताटलीत ठेवून दिली. नमस्कार झाला की समोर बाटली. ती उचलल्याशिवाय काटा शून्यावर येणार नाही, आणि शून्यावर आल्याशिवाय धंदा सुरू होणार नाही.

देवाशपथ सांगतो, जमलं. फक्त आमचं दुकान मंगळवारी बंद. पहिले दोन मंगळवार मी विसरलो आणि बुधवारी नाकाने आठवण दिली. मग शोभा सोमवारी संध्याकाळी काटाच पिशवीत घालून घरी आणायला लागली. मंगळवारी आमच्या देवघरात खंडोबाच्या शेजारी काटा आणि काट्यावर बाटली असायची. आलेला पाहुणा दोघांनाही नमस्कार करायचा.

दुसरा आठवडा संपला तरी काही वाटेना. ती माझी नेहमीची सोडायची जागा. रोज सकाळी बाटली हातात घेताना वाटायचं, हे काही होत नाही, मे येऊन राहिला, दादा कन्यादानाला बसणार आणि मी नारळ आणायला जाणार. फवारा मारायचा आणि दिवसभर शिंकेची वाट बघायची. कागदावर कीस असला की श्वास धरून बसायचो. शिंकेपेक्षा वाट बघण्याने जास्त थकवलं.

मार्चमधल्या एका दुपारी दुकानात एकटा होतो आणि एकाएकी संत्र्याचा वास आला. मी दचकलो. संत्र्यांच्या मुलखात राहून सत्तावीस वर्षं मला तो वास फक्त साल डोळ्यात उडाल्यावर कळायचा. मान वर केली तर कमलाआत्या पायरीवर, हातात मृगबहाराच्या संत्र्यांची पिशवी. वाटी झाली का, ते बघायला आली होती. मी म्हणालो, या आत्याबाई, तुमच्याआधी तुमची संत्री आली.

वाटी नव्याने झाली होती. तिने ती उन्हात धरून बघितली, मणी मोजले, काही बोलली नाही. तिच्या भाषेत ते कौतुक असावं. मग तिची नजर काट्यावर गेली. हे काऊन ठेवलं इथं, असं विचारलं. मी सगळं सांगितलं, फक्त मोरीचा भाग सोडून. ऐकता ऐकता तिने तळहाताने नाकाचं टोक खालून वर चोळलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे, मी ती खूण अंधारातही ओळखीन. निघताना तिने डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारला. म्हणाली, "आमच्या बागेतल्या गड्याच्या बायकोले लय त्रास हाय."

मी गड्याच्या बायकोसाठी पत्ता लिहून दिला. मान खाली, बाहेर कानाच्या दिशेने, हेही गड्याच्या बायकोला सांगायला सांगितलं. कन्यादानाचा विषय मात्र तिने काढला नाही.

*

लग्न पांढुर्ण्याला, सकाळी अकराचा मुहूर्त. आम्ही आदल्या दिवशीच कार्यालयात उतरलो. पल्लवीने दादांना स्वच्छ सांगितलं होतं, की आईबाबाच बसतील. दादांनी आत्याला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. ते नवा सदरा घालून आले होते आणि मांडवात पहिल्या खुर्चीवर बसले, माझ्या हाकेच्या अंतरावर. काही झालंच तर, म्हणून.

सकाळी आठ वाजता आंघोळ करून केस विंचरताना माझा कंगवा मध्येच थांबला. फवारा मारला होता की नाही, ते आठवेना. दुकान नाही, नमस्कार नाही, सगळी घडीच मोडलेली. पहाटे बाटली हातात घेतल्याचं आठवत होतं, पण ते आजचं की कालचं? पुन्हा मारावा तर बाईंनी दुप्पट नको म्हटलेलं. न मारावा तर बाहेर होमाची तयारी चालू, कूलर धूळ उडवतोय, मांडवात झेंडूचे ढीग. मी खोलीत येरझारा घालत होतो. सत्तावीस वर्षं औषध विसरलो तेव्हा एकदाही घाबरलो नव्हतो.

शेवटी नवरीच्या खोलीचं दार वाजवलं. आत मावशा, काकू, गजरे. पल्लवी हळदीने पिवळी, एका हातात हिरवा चुडा भरून झालेला, दुसरा चालू. मी दारातूनच बाटली दाखवली. तिने कासारणीला थांबवलं, पिशवीतून छोटा खिशातला काटा काढला आणि वही काढली. लग्नाच्या दिवशी, चुड्याच्या हाताने. बाटली ठेवली, आकडा थरथरला, थांबला. तिने काल उतरल्याबरोबर तोलून लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. कमी भरली होती, चार फवाऱ्यांनी.

"मारला बाबा," ती म्हणाली. "जा, सदरा घाला."

मग वही मिटून तिने माझ्या हातात दिली. आता ही तुमच्यापाशी ठेवा, एवढंच. कासारणीने बांगडी पुढे सरकवली आणि मी बाहेर आलो. जिन्यात दोन मिनिटं उभा राहिलो. नाक वाहत होतं, पण ते ॲलर्जीचं नव्हतं.

*

अक्षता पडल्या आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे निम्मं वऱ्हाड पंगतीकडे पळालं. मांडवात जवळचे तेवढे उरले. मी आणि शोभा पाटावर बसलो. समोर जावई, शेजारी पल्लवी, जावयाच्या मागे कमलाआत्या, हातात रुमाल. होमाचा धूर सरळ आमच्याकडे. भटजींनी ओंजळी एकावर एक ठेवायला लावल्या. सगळ्यात खाली जावयाची, त्यावर पल्लवीची, त्यावर माझी. मसुराएवढा डाग माझ्या बोटांच्या खाली येत होता. शोभाने पाण्याची झारी उचलली.

तेवढ्यात नाकाच्या आत, अगदी वर, मुंगी चालल्यासारखं झालं. मी डोळे मिटले. दात आवळले. मनात नाकालाच म्हणालो, आजपर्यंत तुला कधी काही मागितलं नाही. मुंगी थांबली. पुन्हा निघाली. पुन्हा थांबली. भटजींनी झारीकडे हात केला, आणि शिंक आली.

मांडव हलला. अशी शिंक, की होमातली राख उडाली. शोभाची झारी हवेत थांबली. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. दादा खुर्चीतून अर्धे उठले. भटजींनी मंत्र मध्येच सोडला आणि सवयीने म्हणाले, पाच मिनिटं थांबू. मीही क्षणभर मान खाली घातली, कारण मला इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणाची शिंक ऐकायची सवयच नव्हती. मग लक्षात आलं की माझा रुमाल कोरडा आहे. पल्लवी माझ्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

कमलाआत्या रुमालात तोंड घालून उभी होती. डोळ्यांतून पाणी, नाक लालभडक. तिने रुमाल खाली केला, थांबलेल्या झारीकडे बघितलं, भटजींकडे बघितलं, आणि बाग राखायच्या त्या आवाजात म्हणाली,

"थांबून काय राहिले जी, पाणी सोडा. अपशकुन नाही होय हा, माहा आज सकाळचा फवारा राहिला."